खिशातला फ्यूज

आधी ते मोबाईलचे दिवे बंद करा बघू. अंधाराला घाबरता आणि गोष्ट मात्र भुताची हवी! हं. ही ऐकीव नाही. माझ्या मेव्हण्याची आहे. तो वायरमन. असल्या गोष्टी रचण्याइतकं डोकंच नाही त्याला.

गेल्या डिसेंबरातली अमावस्या. मंगळवार, रात्रीचे सव्वाआठ. तळ्याकडच्या शेवटच्या खांबावरचा दिवा बदलायचा होता. दहा मिनिटांचं काम, पण मेव्हण्याचा पाय निघेना. दोन महिन्यांपूर्वी त्याच खांबावर बॅटरीमामा गेला होता.

बॅटरीमामा त्याचा उस्ताद. गळ्यात कायम बॅटरी, म्हणून ते नाव. त्याचा नियम एकच. वर चढलेल्याने स्वतःच्या तोंडाने ‘उतरलो’ म्हटल्याशिवाय खालच्याने फ्यूज बसवायचा नाही. त्या दिवशी दिवस मावळत होता, मेव्हण्याला घरी जायची घाई. तांबूस उजेडात खांबावरून एक सावली उतरताना दिसली. याने विचारलंच नाही. फ्यूज बसवला. मामा अजून वर होता.

चौकशीत मेव्हणा म्हणाला, “मामाच ‘उतरलो’ म्हणाला.” साफ खोटं. चूक मेलेल्या माणसाच्या माथी मारली. मला फार राग आला होता त्याचा, अजूनही येतो.

तर त्या रात्री तो एकटाच. खांबाखालच्या पेटीतला फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात ठेवला, वर चढला. नवा दिवा बसवला आणि...

दिवा पेटला.

मंद. पिवळा. फ्यूज खिशात, तरी.

खाली बॅटरीचा झोत पडला. बॅटरी धरलेला हात दिसेना. आवाज आला, “उतरलास?”

मेव्हण्याने खांबाला मिठी मारली.

“उतरलास का रे?”

पेटीचं झाकण करकरलं...

“नाही! मामा, नाही उतरलो!”

झाकण तिथेच थांबलं. मग अगदी हळू,

“मग... मी म्हटलं होतं का रे?”

“नाही मामा... तुम्ही नव्हतात म्हणाला. मीच...”

दिवा विझला. बॅटरीही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत तो दारात उभा होता. खरं ते लिहून दिलं. नोकरी गेली. मामाच्या बायकोपुढे जाऊन उभा राहिला, तिने दार लावून घेतलं.

तो फ्यूज त्याने माझ्याकडे ठेवायला दिलाय. हा बघा. लाव आता तुझ्या मोबाईलचा दिवा, धर इकडे. आतली तार दिसते? पार वितळलीये.

शर्टही मी पाहिला. खिशाला साधा डागसुद्धा नव्हता.