दोघांपुरता भात

ही घटना खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने कापितच्या धक्क्यावर यावं आणि सांदाह कुठे राहतात ते विचारावं. ते माझे सासरे. लोक घर दाखवतील, पण घरापर्यंत सोबत कुणी येणार नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रात्र नव्हती. अमावास्या वगैरेही काही नव्हतं. ऑगस्टमधली लख्ख दुपार होती आणि बालेह नदीवर वल्ह्यांची शर्यत चालू होती.

ही शर्यत दोन दिवसांची. वरच्या खेड्यांतून निघायचं, एक मुक्काम करायचा आणि कापितला पोचायचं. तरणी पोरं जिंकायला उतरतात. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी दोघा-दोघांच्या होड्या असतात, ते आपले हौसेला. सांदाह तेव्हा बासष्टचे. सगळी नोकरी लाकडाच्या गिरणीत खुर्चीवर बसून झालेली. निवृत्त झाले आणि वल्ह्याचं वेड लागलं. दोनदा शर्यतीत उतरले आणि दोन्हीदा अर्ध्यात बाहेर पडले. एकदा पाठ धरली, एकदा होडी उलटली. कॉफीच्या दुकानात शिरले की कुणीतरी विचारायचंच, "काय सांदाह, पोचलात का?"

तिसऱ्या वेळी त्यांनी जोडीला बहिणीचा नवरा घेतला. बलायोंग. अंगाने आडवा, हाताला दणकट, आणि खायला बसला की यजमानाने हात जोडावेत असा.

कापितहून वर जायला निघताना बहीण धक्क्यावर आली होती. लेमाई तिचं नाव.

"दादा, याचे गुडघे धड नाहीत. तुझ्या हट्टापायी नेतोयस. नेतोयस तसा परत आणून दे."

"अगं, हा काय लहान पोर आहे?"

"लहान पोर असता तर काळजी नव्हती. पोर निदान खायला दिसलं म्हणून परक्याच्या दारात जाऊन बसत नाही."

बलायोंग पोट धरून हसला. सांदाहनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "जसा नेतो तसा आणतो. बास?"

हा शब्द लक्षात ठेवा.

पहिला दिवस मजेत गेला. प्रत्येक लांबघराशी, म्हणजे अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या घराशी, बायका काठावर येऊन उभ्या असायच्या. भात, भाजलेलं डुकराचं मांस, तुआकचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे पेले. आमच्या इबान लोकांत एक रीत आहे. कुणी अन्न पुढे केलं आणि तुम्ही घाईत असाल, तर खुशाल खाऊ नका. पण अन्नाला बोट लावायचं आणि ते बोट गळ्याला लावायचं. मगच पुढे निघायचं. नाही लावलं तर 'पुनी' लागते. मग पुढच्या वळणावर मगर असते, नाहीतर साप. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

बलायोंग बोट लावून थांबणाऱ्यातला नव्हता. पुढे बसलेले सांदाह ओरडायचे, "शर्यतीला आलायस की पंगतीला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कापित जवळ आलं. मागून एक होडी चढत होती. पुढे नदीत एक बेट लागतं. उजवीकडून मोठा प्रवाह जातो, डावीकडून एक चिंचोळा ओढा. ओढ्याने गेलं की मोठा वळसा वाचतो. शर्यतीत त्याला मनाई नाही. तरी त्या बाजूने कुणी जात नाही. सांदाहना वाटलं, पाणी उथळ म्हणून जात नसतील.

त्यांनी होडी डावीकडे घ्यायला सांगितली.

आत शिरले. चार-सहा वल्ही मारली असतील...

आणि किड्यांची किरकिर थांबली.

वाऱ्याचाही आवाज नव्हता. फक्त वल्ह्यांचा. डाव्या काठावर एका लांबघराचे खांब दिसायला लागले. वस्ती म्हटली की कोंबडा आरवतो, कुत्री भुंकत काठावर येतात. इथे काहीच नाही.

"मेव्हणे, भाताचा वास येतोय बघा!" मागून बलायोंग म्हणाला.

वास सांदाहनाही आला होता. नुकत्याच उतरवलेल्या भाताचा...

पण धूर कुठेच नव्हता.

पुढच्या वळणावर एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात पानात बांधलेलं पुडकं. त्यातून वाफ निघत होती.

"या रे पोरांनो," ती म्हणाली. "दोघांपुरता आहे."

सांदाहची नजर तिच्या पायांकडे गेली. पाण्याला चांगली ओढ होती. पाण्यात साधी काठी रोवली तरी तिच्यापाशी पाणी फुटतं, फेस धरतं...

तिच्या पायांपाशी पाणी फुटत नव्हतं.

"चल, चल! थांबू नकोस," सांदाह ओरडले. "मागची होडी गाठेल आपल्याला."

"अहो, निदान बोट तरी लावा! पुनी लागेल."

"तू लाव माझ्या वाटचं!"

होडी एका अंगाला कलली. बलायोंगने हात लांब करून पुडकं घेतलं असणार. "घेतलं गं आजी, दोघांचंही घेतलं!" तो हसत म्हणाला. मग मागून चावण्याचा आवाज यायला लागला. मचमच, मचमच. सांदाहना हायसं वाटलं. निदान रीत तरी पाळली गेली.

थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं...

पुडकं घेतल्यापासून मागचं वल्हं एकदाही थांबलं नव्हतं.

दोन्ही हातांनी वल्हं मारणारा माणूस खातोय कसा?

त्यांनी मान वळवली. बलायोंग समोर बघत वल्हं मारत होता. तोंड घट्ट मिटलेलं. जबडा हलत नव्हता.

चावण्याचा आवाज चालूच होता.

ओढा संपून मोठी नदी लागली तेव्हा तो आवाज थांबला. सांदाहनी कसंबसं विचारलं, "कसा होता भात?"

"गार," बलायोंग म्हणाला. "वाफ येत होती, पण बर्फासारखा गार."

कापितला त्यांचा तिसरा नंबर आला. धक्क्यावर ढोल वाजले, लोकांनी सांदाहना खांद्यावर घेतलं. कॉफीच्या दुकानातले सगळे होते. सांदाहनी मात्र आधी बहिणीला शोधलं. "बघ. नेला तसा आणला."

रात्री लेमाईने नवऱ्यापुढे ताट ठेवलं. बलायोंगने भाताला बोट लावलं. ते गळ्याला लावलं. आणि उठून नदीकडे बघत उभा राहिला.

"हे काय? स्वतःच्या घरात कुणी असं करतं?"

"पोट भरलंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. जेवण पुढे आलं की बोट, गळा आणि नदीकडे नजर. निघायच्या घाईत असलेल्या पाहुण्यासारखा. सिबू शहरातल्या डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. त्या आडव्या माणसाची हाडं दिसायला लागली. तो तक्रार मात्र करत नव्हता. हे लेमाईला जास्त लागायचं.

सांदाह ओढ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेले. त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. ओढ्यातल्या त्या लांबघरात पटकीची साथ आली होती. आजारी माणसं काठावर येऊन जाणाऱ्या होड्यांना हाका मारायची, हातातलं पुढे करायची. एकही होडी थांबली नाही. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. खरं-खोटं तो म्हातारा जाणे.

सांदाह एकटेच होडी घेऊन आत गेले. काठावर नुसते कुजलेले खांब होते, त्यांवर झाडं उगवलेली. म्हातारी नव्हती.

तरी ते मोठ्याने म्हणाले, "माझ्या वाटचं मी खातो. त्याला सोड."

परत निघताना...

भाताचा वास आला.

बहिणीच्या घरी पोचले तर लेमाई शिडीवरूनच ओरडली, "दादा! जेवला रे! पोटभर जेवला! स्वतः मागून घेतलं!" ती रडत होती, हसत होती. सांदाह धावत आत गेले. बलायोंग भिंतीला टेकून बसला होता. ओठाला भाताचं शीत चिकटलेलं. कितीतरी दिवसांनी हसला.

"बरं झालं मेव्हणे, सांगून आलात," तो म्हणाला. "तुमच्या वाटचं ठेवलंय."

त्याने पाठीमागून एक पुडकं काढून त्यांच्या हातात दिलं. पानात बांधलेलं. वाफाळतं.

लेमाईचं हसू थांबलं. "दादा, हे पान आपल्या घरातलं नाही."

दिवस मावळायच्या आत बलायोंग गेला.

लेमाई भावाला एकच वाक्य बोलली. "दारापर्यंत आणलास रे. घरात नाही आणलास." त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही.

त्या पुडक्याचं काय केलं, हे सासरे कुणालाच सांगत नाहीत. मी एकदा विचारलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मागच्या रविवारी ते आमच्याकडे आले होते. यायला उशीर झाला म्हणून आम्ही नवरा-बायकोने जेवून घेतलं. भात त्यांच्यासाठी चुलीवरच ठेवला होता. ते आले तेव्हा बायकोने गरम गरम वाढला.

त्यांनी भाताला बोट लावलं...

ते गळ्याला लावलं...

आणि खिडकीतून नदीकडे बघत बसले.

"बाबा, घाई आहे का?" बायकोने विचारलं.

ते गेल्यावर मी ताट उचललं. भातातून अजून वाफ निघत होती. मी हात लावला. बर्फासारखा गार.

मग मी चुलीवरच्या पातेल्यात हात घातला.

वाफ निघत असूनही तोही गार होता. त्यातलाच भात आम्ही दोघं जेवलो होतो.

आज चौथा दिवस. दोघांनाही भूक नाही.