न गळणारी त्सुबाकी

दार सरकलं आणि उंबऱ्यात एक माणूस उभा राहिला. पायांत नुसते मोजे, टोपीवर वितळतं बर्फ आणि हातात शिंपल्यांची, तिसऱ्यांची, ठिबकणारी पिशवी.

"बुद्धिबळ?" त्याने विचारलं.

"ते शेजारच्या खोलीत. इथे कागदाची फुलं करतात," मी म्हटलं.

जपानमधल्या मात्सुए शहरात, आमच्या वस्तीतल्या सभागृहात दर गुरुवारी हा वर्ग भरतो. साठी ओलांडलेल्या अकरा बायका आणि शिकवणारी मी, यासुए, वय एकाहत्तर. पुरुषाचं पाऊल तिथे कधी पडलं नव्हतं, त्यामुळे अकराही कात्र्या एकदम थांबल्या. पण त्याचं लक्ष माझ्या हातांकडे होतं. आठ पातळ कागदांच्या चुण्या घालून मी मधोमध दोरा बांधला होता आणि आता एकेक पदर अलगद वर काढत होते. शेवटचा पदर सुटला, फूल उभं राहिलं, आणि तो माणूस चक्क हसला.

"परत करून दाखवता?"

"अहो, तिकडे डाव सुरू झाला असेल."

"होऊ दे की. तिथे काही उमलत नाही."

माझ्या मैत्रिणीला, हिसानोला, नेमका तेव्हाच खोकला आला. मेली!

त्यांचं नाव तोकुजी-सान. चौऱ्याहत्तर वर्षांचे. शिंजी सरोवरात होडीवरून लांब दांड्याचं खोरं ओढून तिसऱ्या काढण्यात पन्नास वर्षं गेली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलंबाळं नाहीत. तळहातांना असे घट्टे, की पातळ कागद नुसता टेकला तरी अडकून फाटायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी चौदा कागदांची वाट लावली.

"तोकुजी-सान, फूल करताय की खोरं ओढताय?"

"हलकं काही धरायला आजवर कुणी शिकवलंच नाही, यासुए-सान."

"मग आता शिका. मी आहे ना."

बोलून गेले आणि कान तापले. मुकाट्याने मी त्यांच्यासाठी जाड क्रेप कागद काढला आणि त्सुबाकी शिकवायला घेतली. हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक कुंपणावर फुलते ती, लाल पाकळ्यांची. मधे पिवळ्या कागदाची झालर गुंडाळायची, पाच पाकळ्यांना अंगठ्याने दाबून वाटीसारखी खोली द्यायची, आणि बुडाशी दोऱ्याने आवळायचं. ते जीभ दातांत धरून बसायचे. घाम यायचा, पण उठायचे नाहीत. एवढा मोठा माणूस, एवढे दणकट हात, आणि एका पाकळीसाठी श्वास रोखून धरायचा... मला फार आवडायचं ते. चौथ्या गुरुवारी फूल जमलं. मग मी ट्यूलिप शिकवायला काढलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आधी एक तरी तुमच्यासारखं होऊ दे."

"माझ्यासारखं व्हायला चाळीस वर्षं लागतील."

"मला कुठे घाई आहे?"

घाई मला होती. मार्चमध्ये मी हिरोशिमाला मुलाकडे, शुन्सुकेकडे, कायमची जाणार होते. गुडघा बदलला, चालायला लागले, की घर बंद. शुन्सुकेने खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बायकांनी हळहळ केली. तोकुजी-सान फक्त "हं" म्हणाले, आणि हातातली पाकळी टरकन फाटली. मला इतका राग आला! एवढ्या गुरुवारांचं हे एवढंच? नुसतं "हं"?

शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी दुपारी हिसानो उशाशी बसून संत्रं सोलत होती, तेवढ्यात दारात तीच टोपी दिसली. अंगात कोट, दाढी नीट केलेली. त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी जपून सोडवलं आणि माझ्यापुढे धरलं. लालभडक त्सुबाकी.

"अगं बाई!" हिसानोच्या हातून संत्रं पडलं. "आजारी माणसाला त्सुबाकी? अहो, त्या फुलाच्या पाकळ्या झडत नाहीत, अख्खं मुंडकंच गळून पडतं! एवढंही कळत नाही?"

तोकुजी-सानांचा चेहरा फुलाहून लाल झाला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे.

"विसरलोच मी..." ते पुटपुटले. "मला... एकच फूल येतं. दुसरं येत नाही. माफ करा."

फूल कोटाच्या खिशात कोंबत ते वळले.

"थांबा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या खाटेवरची बाई जागी झाली. "द्या ते इकडे."

"नको, अपशकुन—"

"माझं आहे ना? मग द्या."

फूल घेतलं, देठ धरून उलटं केलं आणि जोरात झटकलं. एकदा. दोनदा. हिसानोने डोळे गच्च मिटले. तिसऱ्यांदा तर मी ते खाटेच्या दांडीवर आपटलं. एक पाकळी चुरगळली, पण फूल देठाला धरून होतं. मग मी बुडाशी पाहिलं. मी शिकवलेला दोरा नव्हताच तो. होडीवरची बारीक, मेणकट दोरी होती, आणि तिच्या एकावर एक अशा गाठी मला सुटल्या नसत्या.

"ही कुठली गाठ?"

"होडी बांधायची," ते खाली बघत म्हणाले. "वादळातही सुटत नाही. तुम्ही हिरोशिमाला नेणार... वाटेत निसटायला नको म्हणून."

"म्हणजे मी जाणार, हे तुम्हाला चालतं?"

त्यांनी टोपी खाटेच्या कडेला ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "अजिबात चालत नाही. पण जाऊ नका म्हणणारा मी कोण? त्या दिवशी तोंडातून 'हं' एवढंच निघालं... घरी येऊन तीन दिवस जेवलो नाही. यासुए-सान, तुम्ही मला फार आवडता."

हिसानो उठली. संत्रं तिथेच टाकून म्हणाली, "मला चहा प्यायचाय. बराच वेळ लागेल." आणि दार ओढून गेली.

माझे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. मी त्यांचा हात ओढून हातात घेतला. घट्टे खरखरीत लागले, आणि पकड मात्र इतकी हलकी... शिकले होते की!

"चाळीस वर्षं लागतील म्हटलं होतं ना मी?"

"मी तयार आहे."

तेवढ्यात उशाखालचा फोन वाजला. शुन्सुके. सामान नेणारा ट्रक मार्चच्या कुठल्या तारखेला पाठवू, विचारत होता.

"पाठवू नकोस रे," मी म्हटलं. "माझा एक विद्यार्थी आहे. त्याला अजून एकच फूल येतं."