बसून सांगितलेलं

लेतेब्रहान मावशीकडे मी गेले ती मैद्याचं पोतं पोचवायला, दुसरं काही मनात नव्हतं. सेनाफे या आमच्या सरहद्दीवरच्या गावाच्या खालच्या अंगाला निळ्या टोपीवाल्या शांतिसैनिकांचा तळ होता, तिथं मी दुभाषी. लढाई थांबली होती. अलीकडे आम्ही, पलीकडे इथिओपियावाले, मधलं सगळं रान सुरुंगांनी पेरलेलं, आणि हे परदेशी पोरगे दुर्बिणी लावून बसलेले. माझा धाकटा भाऊ इसायास पलीकडे कैदेत होता. येत्या रविवारी कैद्यांची अदलाबदल ठरली होती. घरात आईचे पाय जमिनीवर नव्हते आणि माझेही.

मावशीचा एकुलता एक मुलगा किफ्ले लढाईत हरवला होता. महिन्याभरापूर्वी जुन्या खंदकात एक प्रेत सापडलं, गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याचं नाव. तळावरचा कप्तान मला म्हणाला, "आईला कळवून टाक."

"मी नाही कळवणार," मी म्हटलं. "आमच्यात मरण असं येताजाता सांगत नाहीत. वडीलधारे पहाटे जातात, घरात बसतात, मग सांगतात. तोवर माणूस मेलेला धरत नाहीत."

वडीलधारे जाऊन आलेही. पण मावशी पक्की. तिनं त्यांना बसूच दिलं नाही. "काय ते उभ्यानं बोला, मला दळण आहे," म्हणाली. उभ्यानं सांगता येत नाही, म्हणून म्हातारे काठ्या टेकत परत आले.

त्याच महिन्यात आणखी एक सुरू झालं. रोज दिवस कलताना सुरुंगाच्या रानात एक धमाका व्हायचा. सैनिक दुर्बिणीतून बघायचे, तर ना खड्डा, ना मेलेलं जनावर. कप्तानाच्या डोक्याला ताप झाला होता.

पोतं घेऊन मी गेले तेव्हा मावशी कॉफी भाजत होती. उंबऱ्यात उन्हाचा शेवटचा पट्टा पडला होता. मी पोतं कोपऱ्यात उभं केलं आणि तेवढ्यात तो धमाका झाला. मी दचकले. मावशीनं मान वर केली नाही.

"निघाला," ती म्हणाली आणि चुलीवरचं पाणी परातीत ओतलं.

आधी वास आला, कॉफीच्या वासाखालून, जळक्या केसांचा आणि ओल्या मातीचा. मग अंगणात काहीतरी घासत येत असल्याचा आवाज. किफ्ले दारातून आत आला. आला म्हणजे सरपटत आला... एका पायावर. दुसरा त्यानं काखेत धरला होता.

मी पोत्याआड सरकले. मावशीनं त्याला भिंतीला टेकवलं, जखम धुतली, पाय जागेवर ठेवून फडक्याच्या चिंध्यांनी बांधू लागली. हात सराईत होते तिचे.

"अब्रेहेत," तो माझ्याकडे बघून कुजबुजला, "तू तरी सांग ना तिला..."

"गप्प बस," मावशी म्हणाली. "ती पोतं द्यायला आली होती, चालली आता."

"आई, रोज त्याच वाटेनं यावं लागतं गं. रोज दुखतं..."

"दुखू दे. दात येतानाही दुखलंच होतं तुला. घरी तर येतोस ना?"

तिनं गाठ आवळली. तो कळवळला, तशी तिनं मायेनं त्याच्या गालावरून हात फिरवला. आई झाली म्हणून काय झालं? मला तिची शिसारी आली. मी चुलीजवळची तिवई ओढली आणि बसले.

"मावशी, तुझा किफ्ले गेला."

भिंतीपाशी नुसती चिंधी राहिली, गाठ मारलेली. मी केलं ते बरोबरच केलं. आजही तो तसा समोर आला तर पुन्हा सांगीन.

मावशी रडली नाही. तिनं कॉफी उकळली, एकामागून एक तिन्ही वाट्या मला पाजल्या. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नसतं. तिसरी हातात देताना म्हणाली, "तुझा इसायास कधी यायचाय गं?"

शनिवारी मी तळावरून परतले, तर आमच्या अंगणात रडायला बसायचा मांडव घातलेला. आईनं नखांनी कपाळ ओरबाडून घेतलं होतं. पहाटे दोन म्हाताऱ्यांना घेऊन लेतेब्रहान आली होती. बसली होती. इसायास गेला, असं सांगून गेली होती.

"आई, अगं जिवंत आहे तो. कप्तान परवा त्याला भेटून आलाय."

"बसून सांगितलं तिनं," आई म्हणाली. "आता काय उरलं?"

मी तशीच मावशीच्या दारात गेले. "खोटं कशाला बोललीस?"

"खरंखोटं मला काय ठाऊक? मी फक्त सांगितलं. तूही तेवढंच केलंस."

रविवारी मेरेबच्या पुलावरून कैदी चालत आले. इसायास त्यांत होता. वाळलेला, दात काढून हसणारा. मी त्याचा हात धरला. ऊबदार होता, देवाशपथ. तळाच्या जीपमधून त्याला घरी आणलं.

मांडव भरलेला होता. आमच्यात भेटताना खांद्याला खांदा लावतात. त्यानं मामाकडे खांदा नेला, मामा बाजूला वळून चपला शोधू लागला. तो आईसमोर उभा राहिला. आई त्याच्या आरपार रस्त्याकडे बघत होती.

"ताई," त्यानं माझ्या कानाशी विचारलं, "कोण गेलं गं?"

माझ्या तोंडून निघालं, "शेजारचे आजोबा."

"अरेरे," तो म्हणाला. डोक्यावरून पांघरूण घेऊन रडणाऱ्यांत जाऊन बसला, आणि सगळ्यांबरोबर मनापासून रडला. मी पाणी द्यायला गेले, त्याचा हात लागला. उघड्यावर राहिलेल्या भांड्यासारखा गार होता.

आई त्याच साली गेली. तो माझ्याकडेच असतो. जेवत नाही, कुरकुरत नाही, तिकडच्या कैदेतल्या गमती सांगतो आणि आपणच हसतो. आत्ता तू ज्या दारातून आलास, तिथंच बसलाय. जाताना काही विचारलं तर उभ्याउभ्याच उत्तर दे, आणि हसून दे. त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही...