मेणाने बुजवलेला कान

सोनकड्याच्या पूर्वेकडच्या बुरुजावर अजून ऊन आले नव्हते. खालच्या खोऱ्यात धुके साचले होते आणि त्या धुक्याखाली सरदार सुभानरावाच्या छावणीतल्या चुली पेटत होत्या. पावसाळा सरल्यापासून गडाला वेढा होता. गडाखालच्या वाडीतली बायकापोरे पहिल्याच दिवशी सुभानरावाच्या हाती सापडली होती, आणि बुरुजावरून त्यांची पाले दिसत तेव्हा किल्लेदार निंबाजी सणसांच्या घशाखाली घास उतरत नसे.

म्हणूनच सुभानरावाने शपथेचा बेलभंडारा पाठवला, तेव्हा निंबाजींनी तो मस्तकी लावला. करार साधा होता. गडाच्या पहिल्या वळणावर, सपाटीवरच्या वडाखाली, दोन्हीकडून दोन-दोन माणसांनी यावे. तलवार कोणी आणायची नाही. जिवाच्या रक्षणापुरते एक पिस्तूल एकाने कमरेला लावावे, त्याहून अधिक काही नाही. बोलणे जमले तर त्याच दिवशी वाडीची माणसे मोकळी होणार होती.

निंबाजींचे पिस्तूल चापाचे, मुठीवर चांदीचा पत्रा असलेले. सोनकड्याच्या दमट हवेत रात्रीत दारू सर्द होई, म्हणून रोज पहाटे जुना बार काढून नवा भरावा लागे. हे काम गेली कित्येक वर्षे आवजीकडे होते. आवजी त्यांचा मेहुणा, सगुणाबाईंचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर बहिणीचे बोट धरून तो गडावर आला होता, आणि बार कसा ठासायचा हे निंबाजींनीच त्याला शिकवले होते. ज्याच्या हाती आपल्या पिस्तुलाचा बार, त्याच्या हाती आपला जीव, असे ते सदरेवर कौतुकाने म्हणत, तेव्हा आवजी लाजून खाली पाही.

भेटीच्या त्या पहाटेही आवजीने पिस्तूल भरून आणून दिले आणि तो खाली वाटेची तजवीज पाहायला गेला. धुके दाट होते. ठिणगी धरणारी रंजकेची दारू ओली झाली असेल, बदलून घ्यावी, म्हणून निंबाजींनी वाटीतली दारू झटकली आणि आतल्या बारापर्यंत आग नेणाऱ्या कानाच्या भोकातून सुई फिरवली. सुई आत जाईना. जोर करून ओढली, तेव्हा तिच्या टोकाला काजळी माखलेले मेण आले.

कान बुजला की रंजक नुसती फुरफुरणार, आतला बार पेटायचा नाही. हे आपोआप झालेले नव्हते. वरून कळू नये म्हणून कोणीतरी मेणाला काजळी फासली होती, आणि मघाशी पिस्तूल देताना आवजीच्या अंगठ्याचे नख काळे होते. निंबाजींना राग आला नाही. राग यायला आधी विश्वास बसायला हवा होता, आणि तो काही केल्या बसत नव्हता.

भेट मोडावी, तर वाडीची माणसे जिवंत परतणार नव्हती. आवजीला बेड्या घालाव्या, तर त्याच्या बहिणीला काय सांगावे? निंबाजींनी सुईने कान स्वच्छ केला. जुना बार काढला, नवी दारू, नवी गोळी ठासली. अंगरख्याखाली चिलखत चढवले, बुरुजावर बंदुका लावायला सांगितल्या, आणि दरवाजाशी उभ्या असलेल्या आवजीच्या हाती पिस्तूल ठेवले.

"आज हे तुझ्या कमरेला असू दे," ते म्हणाले. "मी रिकाम्या हाताने येतो. माझी राखण तुझ्याकडे."

आवजीचा चेहरा क्षणभर उतरला. "दाजी, तुमचं हत्यार तुमच्याजवळ असावं."

"का रे, यात काही उणं आहे का? असेल तर आत्ताच सांग. दुसरं मागवू."

त्या एका वाक्यात निंबाजींनी सगळे माफ करून टाकले होते. फक्त त्याने 'हो' म्हणायचे होते.

"उणं कशाला असेल?" आवजी म्हणाला. "पहाटे मीच भरलंय." आणि त्याने पिस्तूल शेल्यात खोचले.

वडापर्यंतच्या उतारावर निंबाजी हळूहळू चालले. वाट संपेपर्यंत तो काही बोलेल, ही आशा त्यांना सोडवत नव्हती. आवजी वाडीच्या माणसांविषयी बोलला, धुक्याविषयी बोलला.

सुभानराव वडाखाली हात जोडून उभा होता, मागे त्याचा एक धिप्पाड माणूस. "किल्लेदारसाहेबांनी येण्याची तसदी घेतली, आम्ही उपकृत आहोत," तो म्हणाला.

"वाडीची लेकरं कुठे आहेत, सरदारसाहेब?"

"दाखवतो की." सुभानरावाने मान हलवली, तोच धिप्पाड माणसाने अस्तनीतून कट्यार काढून निंबाजींच्या छातीवर घाव घातला. कट्यार चिलखतावरून घसरली आणि निंबाजींनी त्याचे मनगट पकडले.

एव्हाना धुके विरले होते आणि बुरुजावरून सारा गड पाहत होता. निंबाजी पडल्यावर आवजीने एकट्याने परतायचे, दरवाजा उघडून द्यायचा आणि किल्लेदारी घ्यायची, असे सुभानरावाशी ठरलेले होते. परतणाऱ्यावर गडाचा विश्वास बसला पाहिजे, म्हणून आवजीने आरोळी ठोकली, पिस्तूल उपसले आणि सुभानरावाच्या छातीवर रोखले. सुभानराव तसूभरही हलला नाही. बार पेटणार नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या ओठांवर हसूही होते.

आवजीने चाप ओढला. बार उडाला.

सुभानराव वडाच्या मुळाशी कोसळला. हातातल्या धुराकडे पाहत आवजी उभाच्या उभा राहिला. गडावरून मावळे धावत उतरले, सरदार पडलेला पाहून छावणीत पळापळ झाली, आणि दुपारपर्यंत वाडीची बायकापोरे गडाच्या दरवाजात येऊन रडत होती.

सायंकाळी सदरेवर आवजीच्या नावाचा जयजयकार झाला. सगुणाबाईंनी भावाला ओवाळले. निंबाजींनी आपल्या हाताने त्याला चांदीचे कडे चढवले. सदर उठल्यावर दोघेच उरले.

"तुम्हाला कधी कळलं, दाजी?"

"पहाटे. निघण्याआधी."

"मग भरलेलं पिस्तूल मला का दिलंत?"

"ऐनवेळी तुझं मन फिरलं असतं," निंबाजी म्हणाले, "तर हत्याराने तुला दगा देऊ नये म्हणून."

आवजी पायांवर कोसळला. निंबाजींनी त्याला उठवले नाही. "उद्या उजाडायच्या आत गड उतर. तुझ्या बहिणीला मी यातलं काही सांगणार नाही. कडं राहू दे हातात. निरोप घेताना ते दिसलं नाही, तर ती विचारील."

त्यानंतर दर भाऊबिजेला सगुणाबाई पाट मांडत, ओवाळणीचे ताट झाकून ठेवत आणि भाऊ का येत नाही म्हणून विचारत. दूरच्या ठाण्याची चाकरी आहे, रजा मिळत नाही, असे निंबाजी सांगत. त्या मान डोलावत आणि म्हणत, "तुमचा जीव वाचवला माझ्या भावाने, याचा तरी विसर पडू देऊ नका."

"नाही पडत," निंबाजी म्हणत, आणि पाठमोरे बसून पिस्तुलात बार ठासू लागत. किल्लेदाराने हे काम स्वतः का करावे, एवढी माणसे हाताशी असताना, हे गडावर कोणालाच उमगले नाही.