इथलं कॉलेज की याशचं

"अगं, खालच्या कप्प्यात नको लावूस मेणबत्ती. तो मेलेल्यांचा आहे."

मी दचकून मागे पाहिलं. सकाळपासून जुलैचा चिकट पाऊस लागला होता, चर्चमध्ये अंधारून आलं होतं. मेणबत्त्यांच्या मांडणीतला वरचा कप्पा जिवंतांचा, एवढंही भान मला राहिलं नव्हतं.

"कुणाच्या नावाने लावलीस?"

"माझ्याच… कॉलेज ठरत नाहीये म्हणून."

"मग बरोबर कप्प्यात लावलीस की!"

हसू फुटलं. त्या आठवड्यातलं पहिलंच.

तो तिमोतेई. चर्चमागच्या धर्मविद्यालयात शिकायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला गायचा. त्याचा गाण्यातला जोडीदार तापाने आडवा झाला होता. "इथे उभी राहा," तो म्हणाला, "एकच सूर धरून ठेव, हलायचं नाही." मी खालचा सूर धरला, आणि त्याच्यावर तो असा काही चढत, वळत, उतरत गेला की… देवा, तुझं नाव गाणाऱ्यावर जीव जडणं हे पाप असेल तर असो!

मग मी रोजच जाऊ लागले.

"रुक्सांद्रे, एवढी भक्ती कधीपासून गं?" आई विचारायची.

आईला मी गावातल्याच शिक्षिकांच्या कॉलेजात जायला हवी होते. बाबा इटलीत इमारती बांधत होते. मीही गेले तर ती एकटीच. मला मात्र लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी जायचं दूर याश शहरात, तेही सहा वर्षं.

आमच्यात पाद्री लग्न करतात, पण दीक्षेच्या आधीच. एकदा बिशपचा हात डोक्यावर पडला, की मग नाही. म्हणून शेवटच्या वर्षाची मुलं लग्नकार्यांत मुली बघत हिंडतात, आणि गाव त्यांना हसतं. तिमोतेईचं शेवटचं वर्ष लागणार होतं.

"घाई कुणाला आहे? तुला की देवाला?" मी चिडवायचे.

"देवाला वेळच वेळ आहे. बिशपना नाही."

"मग बघ एखादी. गुबगुबीत, छान पाव भाजणारी."

"बघितलीय. पाव करपतो तिचा… पण गाईगुरांवर फार जीव."

मी गडबडून छत्री उघडली. चर्चच्या आतच!

प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. लिंडनची फुलं पावसाने झडून चिखलात मिसळली होती. चर्चच्या पायरीवर मी त्याला गाठलं.

"ठरलं माझं. इथलंच कॉलेज घेते."

त्याने कान पुढे केला. "पुन्हा म्हण."

"इथलंच… कॉलेज."

"आता याश म्हण."

"याश."

"ऐकलंस?" तो हळूच म्हणाला. "इथलं म्हणताना तुझा आवाज खाली पडला. शब्द मला फसवतील गं, सूर नाही फसवत."

"मग मी याशला जाते. तू थांब ना… माझं होईपर्यंत."

"सहा वर्षं? मला नेमून दिलेलं डोंगरातलं गाव वाट बघतंय, सांद्रा. तिथे दोन हिवाळे पाद्रीशिवाय माणसं पुरलीत."

"मग दुसरं काही कर!"

"गाणं सोडू?"

‘सोड’ म्हणण्याऐवजी मी त्याची बाही धरली.

"तिमो… माझ्यावर प्रेम आहे ना तुझं?"

"आहे. म्हणून तर विचारत नाहीये, माझी होशील का."

माझा ओला हात त्याने आपल्या कपाळाला लावला आणि तो आत गेला. घंटा वाजू लागली. त्या संध्याकाळी तो एकटाच गायला. मी बाहेर भिजत ऐकलं.

मी याशला गेले. आई स्टँडवर रडली, मी बसमध्ये.

पुढच्या वर्षी त्याच्या दीक्षेच्या दिवशी मात्र राहवलं नाही. आले, मागे खांबाशी उभी राहिले. पुढे डोक्याला रुमाल बांधलेली त्याची बायको उभी होती. चेहरा इतका भला, की राग धरायलाही जागा नव्हती. बिशप एकेक वस्त्र त्याच्या अंगावर चढवत आणि गात, "हा योग्य आहे!" मग सगळ्या लोकांनी तेच गाऊन साक्ष द्यायची असते.

पहिल्या वस्त्राला माझ्या गळ्यातून आवाजच निघाला नाही. पुढच्याला नुसते ओठ हलले. मग मी डोळे मिटले, देवाची आठवण केली आणि गळा मोकळा सोडून गायले, "योग्य आहे!"

शेजारच्या म्हातारीने वळून पाहिलं. "तुझा कोण लागतो गं?"

"कुणी नाही, आजी," मी म्हणाले, आणि पुन्हा गायले.