चाळीस बार नव्हे, चार

गोळ्यात वीस मिनिटांचीच हवा उरली होती, आणि सुरंगीचे बाबा त्या गोळ्यात होते.

वेंगुर्ल्याच्या समुद्रात तीस मीटर खोल तळावर प्रवाळांची रोपं लावून ते पाच दिवसांनी वर आले होते. पाणबुड्यांना खाली-वर नेणारा तो पोलादी गोळा जहाजावर पोहोचला, तरी त्याचं दार उघडता येत नव्हतं. तळावरचा दाब एकदम उतरला, तर रक्तात मुरलेला नायट्रोजन सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि माणूस दगावतो. म्हणून गोळा उतारखोलीला (जिथे दाब हळूहळू उतरवतात त्या खोलीला) जोडायचा, खोलीत गोळ्याइतकाच दाब भरायचा, मगच मधलं दार उघडायचं.

"गोळ्यात दाब किती?" गोळा जोडून झाल्यावर खोलीत हवा सोडणाऱ्या झडपेवर हात ठेवून कुमुदआत्याने विचारलं. ती जहाजावरची इंजिनीअर.

"चारशे किलोपास्कल," खेकडा म्हणाला. हा आठ पायांचा यंत्रमानव फक्त पास्कलमध्येच बोले. खोलीच्या दाबमापकावर मात्र बार लिहिलेले.

"चाळीस बार!" सुरंगी ओरडली.

आत्याचा हात थांबला. "तबकडी बघ बाई. दहावर संपते. चाळीस भरले तर खोलीच्या चिंधड्या होतील."

सुरंगीने तबकडीकडे पाहिलं. "पण आपण नेहमी दहानेच भागतो ना?"

"ते मीटरना. दर दहा मीटर पाण्याला एक बार दाब वाढतो, ते या जहाजावर सगळ्यांच्या जिभेवर बसलंय. पास्कलला ती सवय चालत नाही."

"आत्या, वेळ जातोय!"

"चुकायला वेळ नाही, मोजायला आहे. शंभर ग्रॅमचा एक बांगडा घे. त्याचं वजन एक चौरस मीटरवर सारखं पसरलं, तर पडेल तो दाब साधारण एक पास्कल."

"इतकुसा?"

"इतकुसाच. म्हणून हजार पास्कलांचा एक किलोपास्कल केला. आणि एक लाख पास्कल म्हणजे एक बार. मग एका बारमध्ये किलोपास्कल किती?"

"लाख भागिले हजार... शंभर. म्हणजे चारशे भागिले शंभर. चार बार!"

"दुसऱ्या वाटेने पडताळ. माझाही भाऊ आहे तो."

सुरंगीने डोळे मिटले. तीस मीटर पाणी, म्हणजे तीन बार. चौथा कुठला? दाबमापकाचा काटा तर झडप उघडण्याआधीच एकवर होता.

"पाण्यावरची हवा! तिचाही साधारण एक बार असतो. तीन आणि एक, चार."

आत्याने झडप फिरवली. हवा सूं सूं करत आत शिरली. काटा दोनवर आला, मग तीनवर. सुरंगीने काट्याजवळ बोट नेलं.

"चार! थांब!"

"खोली चारशे, गोळा चारशे. फरक शून्य," खेकडा म्हणाला.

मधलं दार सरकलं. वाढलेल्या दाढीचे बाबा वाकून खोलीत आले आणि जाड काचेला त्यांनी पंजा टेकवला. सुरंगीने पलीकडून आपला टेकवला. आत्या उगाचच झडप पुसत राहिली.

"पुढच्या मोहिमेला पन्नास मीटर जायचंय," ध्वनिक्षेपकातून बाबांचा आवाज आला. "दाब किती असेल गं?"

"सहा बार. सहाशे किलोपास्कल," सुरंगी डोळे पुसत म्हणाली. "पण आधी तुम्ही चारवरून एकवर या. सावकाश. मी काट्यापाशी बसलेय."