फिरवलेलं कार्ड

दुक्मला कुणी हौसेने जात नाही. मस्कत सोडल्यावर पाच-सहा तास गाडी हाणायची, वाटेत वाळू, उंट आणि दोन-चार पेट्रोल पंप, आणि पोचल्यावर काय, तर क्रेन, पत्र्याची ऑफिसं आणि कंत्राटावर आलेले पुरुषच पुरुष. सादिक सोलकर मात्र तिथे नऊ वर्षं टिकून होता. वय अठ्ठावन्न, गाव गुहागरकडचं, काम हजेरीच्या फळ्याचं. तोडायला आलेल्या जहाजावर किंवा तेलाच्या रिगवर जितकी माणसं चढतील तितकी कार्डं फळ्यावर लावायची, लाल बाजू पुढे करून. माणूस खाली उतरला की त्याने आपल्या हाताने आपलं कार्ड फिरवायचं, मग हिरवी बाजू पुढे येते. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण सादिक तो इतक्या निगुतीने करी की यार्डातले वेल्डर त्याला मागून हेडमास्तर म्हणत.

त्या दिवशीही दुपारचा चहा घेऊन, कार्डांचा डबा काखेत मारून तो धक्क्याकडे निघाला. ऑगस्ट होता. दुक्मला ऑगस्टात समुद्रावरून गार वारा येतो आणि कधीकधी धुकंही घेऊन येतो. त्या दिवशीचं धुकं दुपार झाली तरी हटायला तयार नव्हतं. धक्क्याच्या टोकाला सकाळीच एक रिग येऊन लागली होती. आधी तिचे तीन उंच पाय दिसले, मग गंजलेलं पोट, आणि अगदी जवळ गेल्यावर रंगाच्या पापुद्र्यांखालून डोकावणारा आकडा. सात.

सादिक जागच्या जागी उभा राहिला. या रिगला त्याने झोपेतही ओळखलं असतं.

इराण आणि अरबस्तान यांच्यामधलं ते आखात म्हणायला समुद्र. चहूकडून जमिनीने घेरलेलं, बाहेर पडायला होर्मुझची एक चिंचोळी वाट, आणि खोली बेताचीच. म्हणून तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी तेलवाल्यांनी तिथे पाण्यात उतरायचं धाडस केलं. रिग ओढत न्यायची, तिचे पाय तळाला टेकवायचे, अंग पाण्याबाहेर उचलून घ्यायचं आणि भोक पाडायचं. झालं की पाय गुंडाळून पुढच्या जागी. कोकणातल्या किती घरांची कौलं उतरून स्लॅब पडले ते याच पायांच्या जोरावर. सात नंबरने चाळीस वर्षं अशी भोकं पाडली. त्यातली चार वर्षं सादिक तिच्यावर होता, आणि त्याच्याच तालुक्यातला प्रशांत भाटकरही.

दोघं एका ताटात जेवत. एक दिवसपाळीला असला तर दुसरा रात्रपाळीला. दर शुक्रवारी सकाळी दहाला आग लागल्याची तालीम, म्हणजे ड्रिल, व्हायची. भोंगा वाजला की सगळ्यांनी लाइफबोटीपाशी जाऊन आपापलं कार्ड फिरवायचं. बारा तास राबून नुकत्याच पडलेल्या माणसाला ही तालीम म्हणजे शिक्षाच. म्हणून दोस्त दोस्ताचं कार्ड फिरवायचा. सगळेच करायचे. साहेबांनाही ठाऊक असावं.

बावीस वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी, बरोबर दहाला, भोंगा वाजला. सादिकने जाता जाता प्रशांतच्या केबिनचं दार ढकललं. प्रशांतने चादरीतून डोकं वर काढलं, म्हणाला, "खरा आहे का रे?" सादिक म्हणाला, "ड्रिल आहे. झोप. कार्ड मी फिरवतो."

ते ड्रिल नव्हतं. खालून गॅस उसळला होता. सगळी कार्डं हिरवी झालेली पाहून साहेबाने बोटी सोडल्या. सादिक पहिल्या बोटीत होता. प्रशांत उठून दुसऱ्या बोटीत आला असेल, असं त्याने स्वतःला पटवलं आणि कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बोट थांबली असती. आग दोन तासांत विझली, पण प्रशांत जिन्यात सापडला, धुराने गुदमरलेला. चौकशी झाली. कार्ड फिरवलेलं होतं, म्हणजे माणूस बोटीपर्यंत आला होता, आणि सामानासाठी परत गेला, असं कागदावर आलं. सादिकने त्याखाली साक्षीदार म्हणून सही केली. गावात प्रशांतचं नाव बॅगेसाठी जीव घालवणारा हावरा असं पडलं, आणि त्याची बायको कलावती ते ऐकत म्हातारी झाली.

सादिकने काय नाही केलं? दर सुट्टीला भाटकरांच्या घरी जाई. प्रशांतच्या मुलाला, देवेशला, शिकताना हवं नको पाहिलं, इंजिनीअर झाल्यावर याच यार्डात चिकटवला. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ते मात्र त्याच्याने झालं नाही. पुढच्या महिन्यात तो कायमचा घरी जाणार होता, आणि ते वाक्य पोटात घेऊनच जायचं, असं त्याने जवळजवळ ठरवलंही होतं.

"काका, हीच ना ती?" धुक्यातून देवेश आला. डोक्याला हेल्मेट, हातात टॉर्च. "तपासणीला मला वर पाठवतायत. बाबांची केबिन कुठली होती?"

सादिकला थाप मारता आली असती. तो म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर. जिन्यापासून तिसरी." मग घाईने, "पण जाऊ नकोस बाबा. आत हवा चांगली नसते."

"गॅसचा मीटर आहे ना," देवेश हसला आणि चढून गेला.

त्या दिवशी चौदा माणसं वर गेली. चौदा लाल कार्डं. अर्धा-पाऊण तास वरून हातोड्यांचे आवाज येत होते, मग एकदम थांबले. कुठल्याशा टाकीतला जुना गॅस सुटला होता. भोंगा वाजला. त्याच सुरात. रिगवरचा तोच भोंगा, बावीस वर्षांत कुणी बदलला नव्हता.

माणसं धडाधड उतरू लागली. धुक्यात चेहरे दिसेनात, नुसती हेल्मेटं आणि हात. सादिक फळ्याला पाठ लावल्यासारखा उभा राहून एकेकाला कार्ड फिरवायला लावत होता. अकरा... बारा... तेरा. मग कुणीच येईना.

सेफ्टीचा यासिर, इथलाच, धावत आला. त्याने फळ्यावर नजर टाकली. "चौदा. खलास, सादिक. सब आ गया. गेट बंद करो."

सादिक वळला. फळ्यावर चौदा हिरवी कार्डं होती. खालच्या ओळीत, उजवीकडे, देवेश प्रशांत भाटकर.

"ये किसने फिराया?"

"उसीने फिराया होगा. यल्ला, हटो इधर से!"

"मैं इधर ही खडा था, यासिरभाई. वो नहीं आया..."

"कार्ड हरा है ना!"

हेच शब्द बावीस वर्षांपूर्वी साहेबाचे होते, भाषा तेवढी इंग्रजी. सादिकला वाटलं आपले पाय आता धक्क्याला चिकटून राहणार, तेव्हा बोटीत बसून राहिलो तसे. मग त्याने यासिरच्या गळ्यातला मास्क जवळजवळ ओरबाडला आणि जिना चढला.

आत मिट्ट काळोख होता. गंज, कुजलेलं शेवाळ, जुनं डिझेल. मास्कमधून वास यायला नको, तरी येत होता. तिसऱ्या केबिनचं दार सताड उघडं, देवेशची टॉर्च जमिनीवर पेटलेली. आत गादी नसलेल्या लोखंडी खाटेवर देवेश कुशीवर झोपला होता. हेल्मेट काढून उशाशी ठेवलेलं, हात गालाखाली. मीटर जमिनीवर केकाटत होता. कुणीतरी देवेशच्या अंगावर एक चादर नीट, पायांपर्यंत, पांघरली होती.

सादिकने त्याला ओढत जिन्यापर्यंत आणलं. तिथे यासिर आणि आणखी दोघे भेटले.

यार्डातल्या दवाखान्यात देवेशला ऑक्सिजन लावला. तासाभराने त्याला बोलता येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, वाचला, दहा मिनिटं अजून गेली असती तर कठीण होतं. सादिक खाटेशेजारी स्टुलावर बसला होता.

"अरे, भोंगा ऐकू नाही आला तुला?"

"आला ना." देवेशने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "मला एकाएकी खूप झोप यायला लागली, म्हणून जरा टेकलो. भोंगा ऐकून उठतच होतो, तर तुम्ही आलात."

"मी?"

"दारातून डोकावलात. मी विचारलं, खरा आहे का? तुम्ही म्हणालात, ड्रिल आहे. झोप. कार्ड मी फिरवतो." तो दमून थांबला. "असं का सांगितलंत, काका?"

सादिक धक्क्यावरून हलला नव्हता हे तेरा माणसांनी पाहिलं होतं. तेवढं सांगून त्याला सुटता आलं असतं. पण हे वाक्य जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक मेला होता. सादिकने डोकं खाली घातलं आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, केबिन, कार्ड, बोट, सही. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "तुझा बाप हावरा नव्हता रे. माझ्यावर विश्वास ठेवून झोपला होता."

देवेशने यासिरने लॉकरमधून आणून दिलेला आपला फोन उशाखालून काढला, नंबर लावला आणि सादिकच्या हातात दिला. सादिकचा फोन सकाळपासून ऑफिसच्या लॉकरमध्ये बंद पडून होता. धक्क्यावर न्यायला परवानगी नसते.

"आईला तुम्ही सांगा," देवेश म्हणाला. "मी नाही सांगणार."

तिकडे घंटी वाजली.

"वहिनी... मी सादिक बोलतोय."

"बोला भावजी." कलावतीचा आवाज रडून बसला होता. "मी फोनपाशीच बसून आहे."

"वहिनी, एक गोष्ट मी तुमच्यापासून..."

"पुन्हा नका सांगू. मघाशी फोनवर सांगितलंत तेवढं बस झालं. संताप झाला माझा, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं, भावजी... बावीस वर्षं लोक माझ्या माणसाला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही माझ्या ओटीवर बसून चहा पीत होतात."

"मघाशी...? वहिनी, मघाशी मी..."

"मी म्हटलं, माझ्या माफीने काय होणार, माफ करायचं तर ह्यांनी. तर तुम्ही म्हणालात, प्रशांत इथेच आहे, माझ्या बाजूलाच उभा आहे, त्याला विचारतो आणि फोन करतो."

खोलीत ऑक्सिजनचा बारीक फुसफुस आवाज तेवढा येत होता. देवेशने डोळे मिटून घेतले होते. सादिकला मान वळवायचा धीर झाला नाही.

"भावजी, ऐकताय ना? सांगा ना... काय म्हणाले हे?"